हद्द फोनची, पोलिसाची नव्हे

पोलिसाला पिस्तूल देताना नोंदवहीत सही होते, गोळ्या मोजल्या जातात. खिशातल्या फोनकडे मात्र आपण अजून त्या नजरेने पाहत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, तेही शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. म्हणजे निम्मा पंचनामा आता तपासी अंमलदाराच्या खिशात फिरतो. असा फोन दुरून बंद करता, पुसता यावा आणि ठरलेल्या हद्दीबाहेर त्यातली माहिती उघडू नये, असे म्हटले की आक्षेप सुरू होतात.

‘पासवर्ड आहे की!’ हा त्यातला सर्वांत आळशी. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांच्या एका अधिकाऱ्याच्या घरातून पेनड्राइव्ह चोरीला गेला. त्यात गंभीर गुन्ह्यांच्या तपासाशी संबंधित हजाराहून अधिक लोकांची माहिती होती आणि पासवर्डसुद्धा नव्हता. २०१२ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी दीड लाख पौंडांचा दंड केला. दंड भरता येतो. खबऱ्याचे फुटलेले नाव परत झाकता येत नाही.

‘ही तर पोलिसावरच पाळत’ हा आक्षेप मात्र मला निम्मा मान्य आहे. आधीच बंदोबस्ताने पिचलेल्या शिपायाची सुट्टीच्या दिवशीची वाट साहेबांना कशाला दिसावी? पण त्यावरचा उपाय यंत्रणा नाकारणे हा नव्हे. फोन सरकारने द्यावा. स्वतःचाच वापरावा लागला, तर कामाचा कप्पा वेगळा ठेवावा; दुरून पुसला जाईल तो तेवढाच, मुलीच्या बारशाचे फोटो नव्हेत. ड्यूटी संपली की ठिकाणाची नोंदही थांबावी.

हद्दीचा नियमही आंधळा नको. कागलहून निपाणीकडे पळालेल्या गाडीमागे जाणाऱ्या पथकाचा फोन राज्याची सीमा ओलांडताच मुका झाला, तर ती सुरक्षा कसली? तिथे फोनने कारण विचारावे, ते नोंदवावे आणि चालू राहावे.

यंत्रणेच्या भक्तांनाही थोडे ऐकवायला हवे. चोराने सिम काढले की दुरून दिलेला हुकूम पोहोचत नाही. भामरागडच्या जंगलात तर रेंज नसल्याने चोराविनाच तेच होईल. उपग्रहावरून फोनला स्वतःची जागा कळते, पण ती मुख्यालयाला कळवणार कशी? म्हणून आतली माहिती कूटबद्ध असावी, नियम फोनमध्येच असावेत आणि ठरावीक वेळ संपर्क तुटला तर फोनने आपणच कुलूप लावावे. कुलूपच, पुसून टाकणे नव्हे. न पाठवलेले चित्रीकरण त्यातच अडकलेले असू शकते.

सर्वांत वजनदार आक्षेप बचाव पक्षाच्या वकिलांचा: दुरून हात घालता येतो, तर पुरावाही बदलता येईल. खरे आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, द्यावे लागते, ते याच भीतीपोटी. पण तो हॅश चित्रीकरण संपताक्षणी निघायला हवा, चार दिवसांनी नव्हे. दुरून केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद पोलिसांना खोडता येणार नाही अशा ठिकाणी राहावी आणि मागितल्यावर न्यायालयात यावी. झडतीला किमान दोन पंच लागतात. फोन पुसण्याच्या हुकमावरही दोन अधिकाऱ्यांची संमती हवी, आणि त्यातला एक त्या तपासाबाहेरचा असावा. गृह खात्याने पुढची फोनखरेदी करण्यापूर्वी एवढ्या अटी लेखी घालाव्यात.