विश्लेषण : जुन्या क्रूझरला दोन सायलेन्सर, भुर्दंड मालकाला, दुकानदार मोकळा?

कर्णकर्कश सायलेन्सरविरुद्ध वाहतूक पोलिसांची मोहीम निघते, जप्त केलेले सायलेन्सर ओळीने रस्त्यावर मांडून त्यावरून रोड रोलर फिरवला जातो, त्याची छायाचित्रे छापून येतात. काही दिवसांनी रात्री अकरानंतर पुन्हा तोच आवाज. राज्यातील बहुतेक शहरांत हेच चालते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टाही त्याला अपवाद नाही. येथे जुनी बजाज अ‍ॅव्हेंजर किंवा रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड विकत घेणाऱ्या तरुणाला नव्या गाडीचा हप्ता नको असतो, पण गाडी मोठी दिसायला हवी असते. त्यातला एक ठरलेला बदल म्हणजे डाव्या बाजूला दुसरा सायलेन्सर.

दोन सायलेन्सरचे आकर्षण कुठून आले?

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेल्या जावा आणि येझदी गाड्यांना एकच सिलिंडर असूनही दोन सायलेन्सर होते. ती निव्वळ शोभा नव्हती. त्या सिलिंडरलाच धूर बाहेर पडण्याची दोन तोंडे होती. एस्कॉर्ट्सच्या राजदूत ३५० ला सिलिंडरच दोन, म्हणून सायलेन्सर दोन. २०१८ मध्ये परत आलेल्या जावानेही दोन्ही बाजूंची नळकांडी राखली आणि बीएस-६ नियमांत ती बसवण्यासाठी सिलिंडरच्या तोंडांची रचना बदलली. म्हणजे दोन सायलेन्सर असणे हा गुन्हा नाही. कारखान्याने इंजिनासकट तपासून दिलेले दोन आणि गॅरेजमध्ये जोडून दिलेले दोन यांत फरक आहे.

एका सिलिंडरला दुसरा जोडल्यावर काय होते?

अ‍ॅव्हेंजर २००५ मध्ये आली तेव्हा तिचे इंजिन १७८.६ सीसीचे, एक सिलिंडरचे होते. थंडरबर्डही एक सिलिंडरचीच. दुसरा सायलेन्सर जोडायचा तर बेंड पाइप कापून त्याला इंग्रजी ‘वाय’सारखा फाटा वेल्ड करतात. काही ठिकाणी दुसरी नळी नुसती दाखवायला असते, आतून बंद. तिने वजन वाढते, बाकी काही नाही.

दोन्ही खरे असतील तर तेवढाच धूर दुप्पट वाटेने निघतो आणि त्याचा वेग घटतो. परिणामी कमी आरपीएमवरची ओढ सहसा कमी होते. अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावरील थांबत-सरकत चालणाऱ्या गर्दीत नेमकी हीच ओढ लागते. कार्ब्युरेटरचे जेट न बदलता मोकळे सायलेन्सर लावले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकते. इंजिन तापते, बेंड पाइप निळसर पडतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पटपट बार निघतात. हे बार म्हणजे ताकद, असा समज आहे. ते सायलेन्सरमध्ये जळणारे, वाया गेलेले इंधन असते.

आवाजाचा हिशेबही फसवा आहे. डेसिबलचे माप साध्या बेरजेने वाढत नाही. ८० वरून ९० डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. ‘थोडाच वाढलाय’ हे गाडीवर बसलेल्याचे मत असते.

साडी गार्डचे काय?

याची चर्चा जवळजवळ होतच नाही. मूळ सायलेन्सर उजवीकडे असतो. डावीकडे साखळी, साइड स्टँड आणि साडी गार्ड. दुसरी नळी बसवायला जागा हवी, म्हणून बऱ्याचदा साडी गार्डच काढला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे, ते मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपल्याकडे एका बाजूला बसणाऱ्या बायका डावीकडेच पाय सोडून बसतात. तिथेच आता उघडे चाक आणि तापलेली नळी. दंडाच्या रकमेपेक्षा हा धोका मोठा आहे.

कायदा कुणाला पकडतो?

नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीसाठी १ एप्रिल २००५ पासून उत्पादनाच्या वेळची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे निकष मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय परवाना तीन महिने जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ(४) परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला लागू होते : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

सुटे भाग विकणाऱ्यासाठीही त्याच कलमात एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पण ती केंद्राने ‘सुरक्षेसाठी अत्यावश्यक’ म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरती आहे. केवळ शोभेचा सायलेन्सर विकणारा किंवा तो वेल्ड करून देणारा त्यात सहज सापडत नाही. ‘इंदोरी’ आणि ‘पंजाब’ सायलेन्सर म्हणूनच काउंटरवर उघड मिळतात आणि चलन मात्र रस्त्यावरच्या पोराच्या हातात पडते.

मोजमापाची अडचण वेगळीच. ८० डेसिबलची चाचणी मोकळ्या धावपट्टीवर, पूर्ण वेग घेणाऱ्या गाडीपासून साडेसात मीटरवर होते. ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचे काम, नाक्यावरच्या हवालदाराचे नव्हे. पीयूसी केंद्रात पेट्रोल दुचाकीचा धूर तपासतात, आवाज नाही. त्यामुळे प्रमाणपत्र वैध आणि गाडी कानठळ्या बसवणारी, हे सुखाने एकत्र नांदते. युरोपात बदली सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का लागतो; पोलीस वाकून तो पाहू शकतो. येथे कारवाई कानाच्या अंदाजावर होते. त्यात बेताच्या आवाजाचा सायलेन्सर लावणारा आणि रात्री दहानंतर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासमोरून, जिथे शांतता क्षेत्रात ४० डेसिबलची मर्यादा आहे, बार काढत जाणारा, दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

१५ वर्षांनंतर काय?

२००५ ते २०१० च्या क्रूझर गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी संपली किंवा संपत आली आहे. नूतनीकरणासाठी गाडी कल्याण आरटीओत तपासणीला न्यावी लागते आणि तिथे जोडलेला फाटा लपत नाही. अडचण अशी, की दुसरा सायलेन्सर बसवताना मूळचा बहुधा गॅरेजमध्येच बदल्यात दिलेला असतो. कापलेला बेंड पाइप तर परत जुळतच नाही, आणि जुन्या मॉडेलचा अस्सल सुटा भाग शोधायला भंगारवाल्यांकडे फिरावे लागते. जाणते मालक बेंड पाइपला हात लावू देत नाहीत आणि मूळ सायलेन्सर विकत नाहीत. तो माळ्यावर गुंडाळून ठेवतात, तपासणीच्या आदल्या दिवशी चढवतात आणि शिक्का मिळाला की उतरवतात.