गॅरेजातले उद्योग – १४ : घरची तिजोरी



मागच्या भागातल्या डगमगत्या टेबलाची बऱ्याच जणांनी विचारपूस केली. टेबल अजून डगमगतं. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि विषय मिटवला. या वेळी लाकूड नाही, लोखंड. "गेले चार महिने शनिवारी फोन का उचलत नाहीस?" असं जे विचारत होते त्यांना हे उत्तर : मी तिजोरी करत होतो.

सुरुवात झाली चोरीपासून. दिवाळीच्या आठवड्यात इथे ह्यूस्टनला, आमच्या मागच्या गल्लीतल्या एका देशी कुटुंबाचं घर फोडलं. टीव्ही, लॅपटॉप जागच्या जागी. गेलं ते फक्त सोनं. आपल्या घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना चांगलं पाठ आहे. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सासमध्ये भारतीय आणि इतर आशियाई घरं हेरून दरोडे घालणारी एक टोळी होती. तिच्या सूत्रधार बाईला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे हा आपल्या मनाचा खेळ नाही.

त्या रात्री बायको म्हणाली, "अरे, आपलं कुठे आहे?"

आपलं होतं मोज्यांच्या खणात, बिस्किटाच्या डब्यात. तिच्या पाटल्या, मंगळसूत्र, आणि माझ्या आजीची ठुशी जी आईने लग्नात हिच्या गळ्यात घातली होती. चोर पहिल्यांदा हात घालतो तो बेडरूममधल्या खणांतच!

मग मी नेहमीप्रमाणे रिसर्च केला (आपण इंजिनिअर, दुसरं काय करणार). घराच्या इन्शुरन्समध्ये दागिन्यांच्या चोरीला वेगळी मर्यादा असते. बऱ्याच पॉलिसींत ती दीड हजार डॉलरच्या आसपास असते. त्यापुढचं हवं तर दागिन्यांची किंमत काढून वेगळी नोंद करावी लागते आणि वेगळा हप्ता भरावा लागतो. तुमची पॉलिसी आजच काढून बघा. बँकेच्या लॉकरचं म्हणाल तर त्यातल्या वस्तूंना एफडीआयसीचं संरक्षण नाही, ते फक्त ठेवींना. भारतातल्या लॉकरबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे : आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. सोन्याचा आजचा भाव बघता हिशोब तुम्हीच करा.

सरळ मार्ग म्हणजे तयार तिजोरी विकत घेणं. तो शहाणपणाचाही आहे. पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं.

आमचे अण्णा कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं वेल्डिंग करत होते. गेट, ग्रिल, ट्रॉलीच्या चासी. लहानपणी कधीकधी रात्री ते डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलेले असायचे. काच न लावता आर्क बघितला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. (बटाट्याने फक्त गार वाटतं. डोळा एक-दोन दिवसांत आपला आपण बरा होतो, पण डॉक्टरला दाखवावं.) त्यांनी मला कधी होल्डर हातात धरू दिला नाही. "तू शिक," एवढंच. मी शिकलो, मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि आयटीत आलो. पहिल्या वर्षी वर्कशॉपचा वेल्डिंगचा जॉब तिथल्या असिस्टंटने करून दिला होता, हे अण्णांना अजून माहीत नाही :-)

तर कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा कोर्स लावला. मास्तर आयुष्यभर पाइपलाइनवर काम केलेले. मी पहिल्या दिवशी बिजागऱ्यांसाठी घरातली गॅल्व्हनाइज्ड पट्टी घेऊन गेलो, ती त्यांनी हातातून काढून घेतली. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि दुसरी ताकीद : वेल्डिंगआधी प्लेट पुसायला क्लोरिनवालं ब्रेक क्लीनर कधीच वापरायचं नाही. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्याचा फॉस्जीन होतो, म्हणजे पहिल्या महायुद्धातला विषारी वायू. हे दोन मुद्दे लक्षात ठेवलेत तरी या लेखाचं काम झालं.

आता कृती.

मापं : उंची २४ इंच, रुंदी १८, खोली १६. पाव इंची माइल्ड स्टीलची प्लेट. या प्लेटचं वजन चौरस फुटाला १०.२ पौंड. सहाही बाजू मिळून सव्वापंधरा चौरस फूट, म्हणजे नुसती प्लेटच सुमारे १५६ पौंड. चौकट, कड्या, कुलूप धरून १९० पौंडांच्या आसपास, आपले ८५ किलो. प्लेट दुकानातूनच मापाने कापून घेतली. घरच्या १२० व्होल्टच्या छोट्या मिग मशीनने पाव इंचाला एका फेरीत नीट धरत नाही. वरून सुंदर दिसतं आणि आत नुसतं चिकटलेलं असतं. म्हणून २४० व्होल्टचं मशीन घेतलं, आर्गॉन ७५ आणि कार्बन डायऑक्साइड २५ टक्के गॅस. वेल्ड करायच्या जागेवरची काळी पापडी आधी ग्राइंडरने घासून लख्ख करायची.

इथपर्यंत मी हिरो होतो. मग उत्साहाने पुढची एक कड वरपासून खालपर्यंत एका दमात वेल्ड केली. काय देखणी शिवण आली म्हणता! दुसऱ्या दिवशी दार लावायला गेलो तर लागेना. वेल्ड गार होताना आकसतं आणि प्लेटला आपल्याकडे ओढतं. तोंडाचे दोन कर्ण मोजले, पाच मिलिमीटरचा फरक. चौकोनाचा पतंग झाला होता.

शेवटी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. चार महिन्यांत त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, फोन जवळ घेतला, बराच वेळ बघितलं.

"शिवण बरी आहे. पण लेका, घाई कुणी सांगितली होती?"

मग अर्धा तास शिकवणी. आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे. गुण्या लावायचा, कर्ण मोजायचे. मग दोन-दोन इंच वेल्ड, एकदा या कोपऱ्यात, मग समोरच्या कोपऱ्यात, मध्ये गार होऊ द्यायचं. आणि चौकट दारासकटच उभी करायची. मी ती देखणी शिवण ग्राइंडरने कापून काढली. दार जागेवर ठेवून चारी बाजूंच्या फटींत दोन-दोन क्वार्टर एकावर एक घातले, साडेतीन मिलिमीटरची माया झाली, आणि पुन्हा टाक्यांपासून सुरुवात. या वेळी दार एका बोटाने लागलं.

कुलूप मी केलं नाही. ते कुणीच घरी करू नये. तीन आकड्यांचं यांत्रिक कॉम्बिनेशन कुलूप विकत आणलं. यातली गंमत मला आधी माहीत नव्हती : तिजोरीचं कुलूप दार धरत नाही. दार धरतात पाऊण इंची गोल सळ्यांच्या तीन कड्या. कुलपाचा खटका त्या कड्यांना मागे सरकू देत नाही, एवढंच. कुलपासमोर आतून पाणी दिलेली पोलादी पट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरेल. बिजागऱ्या बाहेर आहेत, पण कापून उपयोग नाही. त्या बाजूला दाराच्या आत वेल्ड केलेली पट्टी चौकटीमागे अडकते. दार बंद करण्याआधी आकडा दार उघडं ठेवून निदान तीनदा लावून बघा. नाहीतर स्वतःच्याच तिजोरीचे चोर व्हाल.

खाली चार भोकं, जमिनीला बोल्ट. बोल्ट नसेल तर दोन माणसं तिजोरीसकट निघून जातात. पण टेक्सासवाल्यांनो, थांबा! इथे बऱ्याच घरांचा स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असतो, आत ताणलेल्या केबली असतात. ड्रिल त्यावर गेलं तर जीवावर बेतू शकतं. मी रडारवाल्याला बोलावून केबली आखून घेतल्या, मगच भोकं पाडली.

आता खरं सांगायचं ते. ही तिजोरी म्हणजे किल्ला नाही. बाजारातल्या टीएल-१५ तिजोरीची चाचणी हत्यारांनी १५ मिनिटं झुंजून होते. माझ्या डब्याला कसलंही प्रमाणपत्र नाही, आणि बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आलेला माणूस तो काही मिनिटांत कापेल. घाईतला चोर खण उपसून जातो, त्याच्यासाठी हा पुरे. आगीत तर नुसतं लोखंड म्हणजे भट्टीच. म्हणून पासपोर्ट आणि कागद आगीसाठी तपासलेल्या, विकतच्या छोट्या पेटीत घालून ती पेटी आत ठेवली आहे. अशा पेटीत आतलं तापमान ठरावीक वेळ ३५० फॅरनहाइटच्या खाली राहायला हवं. खर्च सगळा धरून तयार तिजोरीपेक्षा जास्तच झाला, आणि त्यात वेल्डिंग मशीन धरलेलं नाही (बायकोने धरलं आहे).

एक शेवटचं. आमच्या घरी कोल्हापूरला गोदरेजचं कपाट. त्यातल्या लॉकरची किल्ली आईकडे असायची. कुठे ठेवते ते कुणी विचारलं नाही. २०१९ मध्ये आई अचानक गेली. तेराव्यानंतर सगळं घर पालथं घातलं, किल्ली मिळाली नाही. माणूस बोलावून लॉकर उघडावा लागला. अण्णा त्या खोलीत आले नाहीत. आत थोडे दागिने होते, एफडीच्या पावत्या होत्या, आणि माझा पहिलीपासूनचा प्रत्येक रिझल्ट.

म्हणून नवा आकडा मी बायकोला पाठ करायला लावला आहे. तो एका पाकिटात बंद करून मृत्युपत्राबरोबर वकिलाकडेही ठेवला आहे. तिजोरी करा किंवा विकत आणा, पण आत काय आहे आणि ती कशी उघडते हे घरात दोघांना तरी माहीत असू द्या. आज रात्री जेवताना विचारा. माझी इतकीच विनंती.

अण्णा मे महिन्यात सहा महिन्यांसाठी येत आहेत. फोनवर म्हणाले, "त्या टेबलाचं पण बघू."

कळावे, लोभ असावा.

ता.क. : तिजोरी गॅरेजातून आत न्यायला चार मित्र आले होते. मजुरी मिसळीत चुकती केली. दोघांची पाठ अजून दुखते आहे, त्यांची जाहीर क्षमा मागतो.