गॅस गीझर मध्येच बंद पडतो? आधी घड्याळ बघा

डोक्याला शाम्पू लावलेला आणि शॉवरमधून अचानक गार पाणी! गॅस गीझर असलेल्या घरात थंडीच्या दिवसांत हा अनुभव नवा नाही. नळ बंद करून पुन्हा सोडला की गीझर पेटतो आणि थोड्या वेळाने परत तेच.

मेकॅनिकला बोलावण्याआधी एक सोपं काम करा. बाथरूमचं दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादलीत गरम पाणी सोडा आणि गीझर किती वेळाने बंद होतो ते घड्याळात बघा. बिघाड कुठे आहे, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पेटतच नाही किंवा लगेच विझतो

आधी सेल बघा. बहुतेक गॅस गीझरमध्ये खालच्या बाजूला दोन मोठे सेल असतात. ठिणगी त्यांच्यावरच पडते. नुसता टकटक आवाज येतो पण ज्योत धरत नाही, तर दोन्ही सेल एकदम बदला. सेलच्या खोबणीत गंज असेल तर कोरड्या कापडाने पुसून घ्या.

नवे सेल घालूनही काही सेकंदांत ज्योत विझत असेल, तर सिलिंडर संपत आलाय का ते बघा. कडक थंडीत सिलिंडर गारठला की गॅसही कमी दाबाने येतो. म्हणून तो गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ मात्र कधीच ठेवू नका. गॅस नीट येत असेल, तर ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरवर काजळी बसलेली असू शकते. ते काम मेकॅनिकचं.

दुसरा नळ सोडला की बंद होतो

इथे दोष पाण्याच्या दाबाचा. पाणी पुरेशा जोराने वाहिलं तरच गीझर पेटतो, जोर कमी झाला की तो स्वतःहून विझतो. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो. म्हणजे टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर, 3 मीटर अंतर असेल तर जेमतेम 0.3 बार. वरच्या मजल्यावरच्या घरांत ही तक्रार जास्त असते ती यामुळेच. पाणी आत येतं तिथली छोटी जाळी आणि शॉवरची भोकं साफ करा, त्यानेही बराच फरक पडतो.

पाणी कढत होतं आणि मग बंद होतो

पाणी प्रमाणाबाहेर तापलं की गीझर स्वतःला बंद करतो. गॅसचं बटण कमी करा, पाण्याचा जोर वाढवा. बोअरचं जड पाणी येत असेल तर आतल्या नळीत क्षार साचतात आणि प्रवाह कमी होतो. सर्व्हिसिंगच्या वेळी ते काढून घ्या.

रोज ठरावीक मिनिटांनी बंद होतो

हा बिघाड नाही! बऱ्याच मॉडेल्समध्ये साधारण 20 मिनिटांचा टायमर असतो. एकाच वेळी गीझर फार वेळ जळू नये, यासाठीच तो दिलेला आहे. लगेच नळ फिरवून गीझर पुन्हा पेटवू नका. थोडा वेळ जाऊ द्या, हवा खेळू द्या.

दार लावलं की बंद, उघडलं की चालू

सर्वांत गंभीर लक्षण हेच. ज्योतीला ऑक्सिजन लागतो. थंडी वाजते म्हणून आपण खिडकी आणि झरोका दोन्ही लावून घेतो. मग हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळणाऱ्या गॅसचा वास येतो, पण या वायूला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि कडीपर्यंत हात जाण्याआधीच माणूस कोसळू शकतो.

काही गीझरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की ज्योत विझवणारा सेन्सर असतो, सगळ्यांत नसतो. त्यामुळे आपला गीझर बंद पडत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. आणि सतत बंद पडतो म्हणून एखादा मेकॅनिक सेन्सर काढून 'थेट जोडून' देतो म्हणाला, तर स्पष्ट नकार द्या.

एवढं नक्की करा

• गीझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा मोकळ्या जागेत बसवून घ्या. पाणी पाइपने आत आणता येतं.
• तो आत असेल तर दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा.
• ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गीझर वापरणं थांबवा.
• रबरी नळी 5 वर्षांनी बदला. गळतीची शंका असेल तर साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून कधीच नाही.
• गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करा.
• कुणी आत चक्कर येऊन पडलं तर आधी दार उघडून त्यांना मोकळ्या हवेत आणा आणि 112 वर फोन करा.

घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांना आज एवढं सांगा, की गीझर चालू असताना आतून कडी लावायची नाही.