संपाचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत बेस्टच्या कामगारांनी संप केला. ८ तारखेला सुरू झालेला संप १६ तारखेला मिटला. नऊ दिवस सुमारे ३२ हजार कामगार कामावर गेले नाहीत, तीन हजारांवर गाड्या आगारात उभ्या राहिल्या आणि रोज बसने जाणाऱ्या सुमारे २५ लाख लोकांची फरफट झाली. मुंबईच्या संपाशी शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. शेतीत भागत नाही म्हणून गाव सोडणारा माणूस शहरात जातो तेव्हा लाल बसच्या भरवशावर जातो. भांडी घासणारी बाई, रखवालदार, हमाल, नाक्यावर उभा राहणारा बिगारी ही सगळी आपल्याच घरची माणसे. संपाचा चटका त्यांना बसला.

आधी कामगारांची बाजू पाहू. त्यांची मागणी गैरवाजवी होती असे मला वाटत नाही. पगार वेळेवर मिळावा एवढ्यासाठी त्यांना ७ ऑगस्ट २०१७ ला, ऐन राखीपौर्णिमेला, एक दिवसाचा संप करावा लागला होता. २०१९ च्या संपात दोन मुख्य मागण्या होत्या. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या मूळ अर्थसंकल्पात विलीन करावा आणि २००७ नंतर भरती झालेल्यांना वरच्या वेतनश्रेणीप्रमाणे पगार द्यावा. महापालिकेचे २०१८-१९ चे अंदाजपत्रक २७ हजार कोटींच्या वर होते. एवढ्या श्रीमंत धन्याच्या चालकाने पगाराची वाट पाहावी, हा कुठला न्याय? शेतमालाला भाव मागणाऱ्या आपण घामाच्या दामाला नाही म्हणू शकत नाही.

मात्र मागणी रास्त असली म्हणून हत्यार आपोआप रास्त ठरत नाही. वार कोणावर होतो ते पाहावे लागते.

आपण शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश जाणतो. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याचा नियम कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवतात. पिकाला जे अन्नद्रव्य सर्वांत कमी पडते, तेच उत्पादन ठरवते. बाकीची कितीही ओता, जस्त नसेल तर पीक पिवळेच पडते. शहराचेही तसेच आहे. मुंबईत लोकल आहे, टॅक्सी आहे, ज्याची त्याची मोटार आहे. पण गरिबाला पहाटे पाच वाजता परवडणारे वाहन एकच, ते म्हणजे बस. मालाडच्या मालवणीतून लोकलचे स्टेशन गाठायला बस लागते. अंधेरी स्टेशनवरून सीप्झच्या कारखान्यात जायला बस लागते. शीव आणि माहीमच्या दक्षिणेला तर रिक्षाला परवानगीच नाही. लोकल चालू होती म्हणून मुंबई चालू होती, असे म्हणणाऱ्याने ही पहिली आणि शेवटची मैल-दोन मैल पाहिलेली नाहीत.

साधा हिशेब करा. त्या वेळी बसचे किमान भाडे ८ रुपये होते, रिक्षाचे १८, टॅक्सीचे २२. जाऊन-येऊन १६ रुपयांच्या जागी रिक्षाला किमान ३६ लागणार, तेही घर स्टेशनच्या उंबऱ्यावर असेल तर. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने हे पैसे कुठून आणायचे? ती चालत गेली. उशीर झाला तर बोलणी खाल्ली, खाडा झाला तर पगार कापला गेला. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला फक्त वाहतुकीची कोंडी दिसली. बेस्टचे अंदाजपत्रक मंजूर करणारा तर बसमध्ये बसतच नाही. म्हणजे ज्याने निर्णय घ्यायचा त्याला झळ नाही आणि ज्याच्या हाती काही नाही त्याच्या चुलीत पाणी!

सरकारने काय केले? मेस्मा लावला. वसाहतीतील घरे खाली करा अशा नोटिसा काढल्या. शेवटी उच्च न्यायालयाने मध्यस्थ नेमला, कनिष्ठ श्रेणीतील कामगारांना दहा वेतनवाढी देण्याचे ठरले आणि गाड्या सुटल्या. विलीनीकरण राहिलेच. त्याच वर्षी ९ जुलैला किमान भाडे ५ रुपयांवर आले आणि प्रवासी परत वळले. दुसरीकडे स्वतःच्या गाड्या घटवून ठेकेदाराच्या गाड्या वाढवण्यात आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या ठेक्याच्या गाड्यांवरील चालकांनीही पगारासाठी संप केला. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ चे १० झाले. धनी बदलला, पाटी बदलली, भुर्दंड प्रवाशालाच.

ग्रामीण भागाने हेच २०२१-२२ मध्ये एसटीच्या संपात भोगले. ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिलपर्यंत रेंगाळला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने खासगी बसना, शाळांच्या गाड्यांना प्रवासी नेण्याची परवानगी दिली, पण संप असेपर्यंतच. संकटात चालणारी गाडी एरवी का चालत नाही? वाट एकाच्याच मालकीची ठेवली की त्याचे भांडण सगळ्या गावाचे उपोषण होते. छोट्या गाड्यांना टप्पा वाहतुकीचा परवाना कायमचा खुला करा, विमा आणि सुरक्षिततेचे नियम कडक ठेवा. परवाना-राज नको, नियम हवेत.

दुसरी गोष्ट कामगार संघटनांना सांगायची आहे. जपानमधील ओकायामा शहरात २०१८ मध्ये बसचालकांनी वेगळा संप केला. गाड्या वेळेवर चालवल्या, फक्त भाड्याच्या पेटीवर फडके टाकले. प्रवासी फुकट गेले आणि फटका थेट कंपनीच्या गल्ल्याला बसला. गाडी चालू, तिकीट बंद! आपल्याकडे असे केले तर वाहकाची नोकरी जाते, कारण विनातिकीट प्रवासी म्हणजे अपहार असा नियम आहे. हा नियम बदलण्याची मागणी संघटनांनी पहिली ठेवावी. रीतसर नोटीस देऊन केलेला तिकीट-संप अपहार मानू नये. उपक्रम तोट्यात आहे, हे परवडेल कसे, असे अधिकारी म्हणतील. अहो, गाडी आगारात उभी असते तेव्हा कुठले तिकीट फाटते? जादा खर्च होईल तो इंधनाचा आणि पगाराचा. काम केल्यावर पगार द्यावाच लागतो. आणि प्रवासी तेव्हा कामगाराला शिव्या देणार नाही, त्याच्या बाजूने उभा राहील.

हीच फूटपट्टी आपल्यालाही लावू. १ जून २०१७ ला शेतकरी संपावर गेला, रस्त्यावर दूध ओतले गेले. ते आपले दूध होते, नुकसान आपले होते. त्याच महिन्यात ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा झाली. पण रास्ता रोको करतो तेव्हा अडकतो कोण? मंत्र्याची गाडी दुसऱ्या वाटेने जाते. एसटीतला आजारी म्हातारा आणि परीक्षेला निघालेली मुलगी तासन् तास उन्हात बसतात. दुसऱ्याच्या संपावर बोट ठेवायचे असेल तर आपला रास्ता रोकोही तपासला पाहिजे.

तेव्हा जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडावेत. सार्वजनिक वाहतुकीच्या कामगारांना वेळेवर आणि पुरता पगार मिळावा. छोट्या गाड्यांना परवाने खुले व्हावेत. आणि आपल्या प्रत्येक आंदोलनाआधी कार्यकर्त्यांनी एकमेकांना एकच प्रश्न विचारावा: याचे ओझे धन्याच्या डोक्यावर जाणार की गड्याच्या? उत्तर गड्याच्या असे आले, तर आंदोलनाची रीत बदला. मागणी सोडू नका.