निवड कागदावर नको, वर्गात हवी

मी तालुक्याच्या गावी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय इतिहास. नव्या सत्राचं वेळापत्रक लागलं तेव्हा मी आधी खुला ऐच्छिक विषय शोधला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे कला शाखेच्या मुलीलाही दुसऱ्या शाखेचा विषय शिकता येतो. आमच्या घरी दोन एकर सोयाबीन आहे. माती परीक्षणाचा अहवाल मला स्वतःला वाचता यावा, म्हणून मला मातीविषयीचा विषय हवा होता. तो शिकवायला प्राध्यापकच नाहीत. यादीत एकच विषय उरला आणि सगळ्या वर्गाने तोच घेतला.

धोरण मला मनापासून पटतं. गेल्या सत्रात बँक व्यवहार शिकले आणि यंदा बाबांच्या पीककर्जाचा अर्ज मीच भरला. पण एका श्रेयांकाला (क्रेडिटला) १५ तास, म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयाला ३० तास शिकवावं लागतं. तासिका तत्त्वावरचे सर अर्धं सत्र उलटल्यावर आले, तर ते तास कसे भरून निघणार? जादा तास पाचला ठेवतात आणि आमच्या गावची शेवटची एसटी साडेचारलाच निघते.

शासनाने प्राध्यापकांच्या रिक्त जागा सत्र सुरू होण्याआधी भराव्यात. जवळच्या महाविद्यालयांनी विषय आपसात वाटून घ्यावेत. आम्ही शिकायला तयार आहोत; शिकवणारं माणूस वेळेवर वर्गात पाठवा.