गाणे सर्वांना ऐकवा, विका मात्र थेट

परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. आज जिल्ह्यातले गोंधळी, शाहीर, भारुडकार आणि भीमगीते गाणारे कलावंत स्वतःच गाणी रेकॉर्ड करतात. ती स्पॉटिफायसारख्या ॲपवर द्यावीत की थेट श्रोत्याला विकावीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. माझ्या मते ॲपचा उपयोग ओळख वाढवण्यापुरता करावा. पोट मात्र थेट विक्रीवर आणि कार्यक्रमांच्या बिदागीवर उभे राहावे. ॲपचा हिशेबच छोट्या कलावंताच्या विरोधात जातो. श्रोत्याने भरलेले पैसे तो ज्यांना ऐकतो त्यांनाच मिळतात असे नाही. सगळी रक्कम एकत्र होते आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटली जाते. गंगाखेडच्या एखाद्या रसिकाने वर्षभर फक्त गोंधळ ऐकला, तरी त्याच्या पैशाचा मोठा भाग गाजलेल्या चित्रपटगीतांकडे वळतो. त्यात 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत किमान 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही.

यावर आक्षेप येतो की फुकट ऐकायची सवय लागलेला श्रोता विकत कशाला घेईल? सगळे घेणार नाहीत, हे खरे. पण 200 जणांनी प्रत्येकी 100 रुपये दिले तरी 20,000 रुपये होतात आणि यूपीआयमुळे ते थेट कलावंताच्या खात्यात जमा होतात. गावोगावच्या जत्रांत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत समोर बसलेला श्रोता ओळखीचा असतो; कलावंताला बिदागी देण्याची रीतही आपल्याकडे जुनीच आहे. फाइल व्हॉट्सॲपवर फिरेल, ही भीती खोटी नाही. पण ॲपवर सगळा भार टाकणेही सुरक्षित नाही. रेसो आणि विंक ही दोन्ही ॲप भारतात 2024 मध्ये बंद झाली. श्रोत्यांचे फोन नंबर कलावंताच्या स्वतःच्या वहीत असतील, तर अशा वेळी त्याचा श्रोता तुटत नाही.

म्हणून कलावंतांनी एक-दोन गाणी ॲपवर ठेवावीत, पूर्ण संच स्वतः विकावा आणि कोणत्याही करारावर सही करण्याआधी गाण्याचे हक्क कोणाकडे राहतात ते वाचून घ्यावे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकार-संगीतकारांच्या मानधनातल्या वाट्याला संरक्षण देतो. त्याची माहिती प्रत्येकाला हवी. आणि श्रोत्यांनो, पुढच्या कार्यक्रमात गाणे आवडले, तर नुसत्या टाळ्या वाजवून उठू नका. त्या गायकाचा संच विकत घ्या.