फॉस्टर केअर आणि वन बीएचके



‘वेगळी बेडरूम नसेल तर मूल सोपवू नये’ असे सांगणारे, फॉस्टर केअरबद्दलचे (म्हणजे मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळण्याबद्दलचे) पत्र वाचले. हा निकष लावला तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातली सगळी वन बीएचके घरे बाद! मुळात आपल्याकडे तसा नियमच नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ४४मध्ये फॉस्टर केअरची तरतूद आहे आणि त्याखालचे २०१६चे आदर्श नियम घराबाबत पुरेशी जागा व मूलभूत सुविधा एवढेच मागतात. स्वतंत्र खोलीचा दंडक इंग्लंडचा. तो तीन वर्षांवरील मुलांसाठी आहे आणि त्यालाही अपवाद चालतो.

फाळणीनंतर उल्हासनगरच्या लष्करी बराकींत आडोसे करून कुटुंबे राहिली, हा दाखला मी देणार नाही; ती लाचारी होती. तेरा वर्षांच्या मुलीला हॉलमध्ये, आल्यागेल्यासमोर झोपवणे मलाही पटत नाही. पण बेडरूम तिला आणि घरातल्या बाईला द्यावी, नवऱ्याने हॉलमध्ये गादी टाकावी. कपाटाचा एक कप्पा तिचा, किल्लीसकट. बाथरूमची कडी नीट लागणारी. कोण कुठे झोपते, हे गृहभेटीच्या अहवालात यावे. तेही मुलीला एकटीला विचारून.

खोलीपेक्षा मला काळजी अकरा महिन्यांच्या भाडेकराराची वाटते. फॉस्टर केअरच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांनी दत्तकाचा मार्ग खुला होतो. तोवर घरमालकाने दोनदा घर रिकामे करायला लावले, तर शाळा कोणती धरायची? गृहभेटीत करारनामाही पाहावा.

– एक वाचक, बदलापूर (पूर्व)